जांभळ्या पात्याचं भात

आमच्या थोरल्या दिरांना एका गवतानं सहा वर्षांत गाढव ठरवलं, ही गोष्ट बेळगुंदीत कुणी सांगत नाही. सांगणार कोण? बघणारे पुरुष त्यांच्यापुढं माना हलवणारे, आणि ज्यांना कळलं त्या आम्ही भांगलणाऱ्या, म्हणजे खुरप्यानं तण काढणाऱ्या बायका. आता दीर नाहीत, माझे मालकही नाहीत, आणि ‘गप बस’ म्हणणारं घरात कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहायला बसले. मात्र यात माझी शाबासकी कुठंच नाही. दिरांवर थुंकायला बसले तरी थोडं माझ्याच पदरावर पडणार आहे, ते पडू दे.

मी बेळगावजवळच्या मच्छ्याची. वडील गावच्या मराठी शाळेत मास्तर होते, म्हणून चौथीपर्यंत शिकले, आणि त्या चौथीचा मला भारी तोरा होता. लग्न होऊन बेळगुंदीला आले तेव्हा घरात चारच माणसं झालो. थोरले दीर, त्यांना सगळा गाव अण्णा म्हणायचा. त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली जाऊ, तिला मी आक्का म्हणायची. माझे मालक, ते अण्णांचे धाकटे भाऊ. आणि मी. सासूसासरे माझ्या येण्याआधीच गेले होते. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी बोलायचं नाही, त्यांच्यासमोर उभंही राहायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पण अण्णांना वर्तमानपत्र ऐकायचं असलं, शेतकी खात्याचं पत्रक ऐकायचं असलं, की हीच रीत मला दाराआड उभी करून वाचायला लावायची. तेव्हा माझा आवाज त्यांना चालायचा. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आमच्याकडं भात लावत नाहीत, पेरतात. कोकणातल्यासारखी रोपं उपटून चिखलात लावायची पद्धत नाही. रोहिणी नक्षत्रात कोरड्या मातीत कुरीनं, म्हणजे पाभरीनं, ओळीत पेरायचं आणि वर बघत बसायचं. त्यामुळं शेतात भाताबरोबर रानभातही उगवतं. रानभात म्हणजे भाताचंच भटकं भावंड. पातं तेच, काडी तीच, उंचीही तीच. लोंबी बाहेर पडेपर्यंत ब्रह्मदेवालाही ते ओळखू यायचं नाही. लोंबीला मात्र लांब कुसळं असतात, आणि दाणा पिकला रे पिकला की नुसत्या वाऱ्यानं खाली झडतो. विळा घेऊन जाईपर्यंत लोंबी रिकामी. झडलेलं बी मातीत पडून राहतं आणि पुढच्या साली पुन्हा तुमच्याच ओळीत तुमच्याच भातासारखं तोंड करून उभं राहतं.

ते ओळखायचं काम बायकांचं. आषाढात डोक्यावर इरलं घेऊन, पाठीवर पाऊस झेलत, दहा-बारा बायका रांगेनं भांगलत पुढं सरकायच्या आणि रांगेच्या तोंडाशी आक्का. पातं नुसतं दोन बोटांत धरून ती सांगायची, “ह्ये रानभात. उपट.” कशावरनं ओळखलं म्हणून विचारलं, तर बुडखा दाखवायची, पात्याची कड दाखवायची, मला त्यात काडीचा फरक दिसायचा नाही. सुरुवातीला मी चांगलं भात उपटून बांधावर टाकलं होतं. आक्कानं ते उचललं, माझ्या नाकापुढं धरलं आणि म्हणाली, “मास्तराच्या लेकी, ह्येला तुझ्या पुस्तकात काय म्हंत्यात गं?” सगळ्या बायका हसल्या. मला राग आला होता. तो राग मी बरीच वर्षं सांभाळून ठेवला, हेही सांगून टाकते.

बियाणंही आक्काच्याच ताब्यात. माजघरात बियाण्याच्या सहा कणग्या होत्या, शेणानं सारवलेल्या, आणि कुठल्या कणगीत काय आहे ते तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. ओढ्याकाठच्या खोलगट तुकड्याला एक भात, माळाच्या बाजूला दुसरं, आंब्याच्या सावलीत तिसरं. हळवं वेगळं, गरवं वेगळं. पाऊस लवकर उलटला तर हळव्यानं पोट भरायचं, लांबला तर गरव्यानं. कुठलंच साल सगळंच्या सगळं गेलं नाही. अण्णांना मात्र हा सगळा घोळ वाटायचा. सहा जातीचं भात, सहा रंगाचं शेत, लांबून बघितलं तर वाकळ पसरल्यासारखं दिसायचं. अण्णांना ‘एकसारखं’ हा शब्द फार आवडायचा. धोतराच्या निऱ्या एकसारख्या, मिशीचे आकडे एकसारखे. त्या आकड्यांना ते रोज सकाळी जेवढा वेळ द्यायचे तेवढा शेताला दिला असता, तर पुढचं काहीच झालं नसतं.

एका उन्हाळ्यात ते बेळगावला शेतकी प्रदर्शन बघायला गेले आणि येताना खांद्यावर पोतं घेऊन आले. स्वतःच्या खांद्यावर! ज्या माणसानं जन्मात पाण्याची घागर उचलली नव्हती, तो वेशीपासून घरापर्यंत पोतं मिरवत आला. त्यात नव्या भाताचं बी होतं. दाणा साधाच, पण उगवलं की पातं जांभळं. मला दाराआड बोलावून पत्रक वाचायला लावलं. मी खणखणीत आवाजात वाचलं. अर्थ एवढाच, की भात जांभळं असलं की त्यातलं हिरवं रानभात लांबूनच दिसतं आणि भांगलायला सोपं जातं.

“ऐकलंस?” अण्णा आक्काला म्हणाले. “आता आंधळी बी भांगलंल. तुज्या डोळ्यांची मिजास संपली.”

आक्का चुलीपुढं होती. तिनं भाकरी तव्यावर जरा जोरात आपटली.

खोटं कशाला बोलू, पहिल्या साली शेत बघण्यासारखं झालं. जांभूळ पिळून ठेवल्यासारखं सगळं शिवार. शेजारच्या गावचे लोक बघायला आले. शेतकी खात्याचा एक माणूस सायकलवरून आला, बूट काढायला नको म्हणून बांधावरच उभा राहिला आणि तिथूनच शाबास म्हणून गेला. अण्णा महिनाभर हवेत. भांगलण तर इतकी सोपी झाली की मीसुद्धा चुकेना. हिरवं दिसलं की उपट, जांभळं दिसलं की सोड. त्यात डोकं लागत नव्हतं, डोळेही लागत नव्हते. आक्का रांगेच्या तोंडाशी असली काय आणि मागं असली काय, कुणाला फरक पडेना. मला तर आतून गुदगुल्या होत होत्या. पुस्तकानं तुझ्या बोटांना हरवलं की नाही, असं मला तिला सांगावंसं वाटत होतं.

सुगीनंतर आक्का अण्णांना म्हणाली, “आवं, लागोपाठ त्येच पेरू नगा. यंदा जांभळं झालं, फुडच्या साली हिरवं घालूया. हिरव्यात जांभळं दिसतंय, जांभळ्यात हिरवं दिसतंय. पालटत गेलं म्हंजे रानभाताला कुठंच लपाय यायचं न्हाय.”

एवढंच. चार वाक्यांत सगळं शास्त्र. पण ते बायकोच्या तोंडून आलं ना! अण्णांनी तिच्याकडं बघितलंही नाही. माझ्या मालकांकडं बघून म्हणाले, “बघ रं, हिला सरकारपेक्षा जास्ती कळतंय.” आणि माझे मालक हसले. त्यांचं आयुष्य अण्णांच्या बोलण्यावर हसण्यात गेलं. अण्णा ‘पाऊस पडतोय’ म्हणाले तरी ते हसायचे.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णांनी फर्मान काढलं, की जुन्या कणग्या रिकाम्या करा, ते बियाणं कांडून खा, घरात एकच बी राहील. बियाणं कांडून खायचं! आमच्याकडं उपाशी माणूसही बियाण्याला हात लावत नाही. आक्कानं कांडलं. मुसळ तिच्याच हातात होतं. पण प्रत्येक कणगीतलं शेर-दोन शेर तिनं फडक्यात बांधून बाजूला ठेवलं, आणि तिचा भाऊ भेटायला आला तेव्हा त्याच्या गाडीत घातलं. तिचं माहेर खानापूरच्या बाजूला, रानाला लागून. हा एकच भाऊ, तिच्यापेक्षा लहान, तिनंच वाढवलेला. तो फार बोलायचा नाही. आला की उंबऱ्यावर बसायचा, आक्का समोर बसायची, आणि दोघं एकमेकांकडं बघून हसत राहायची. “ठेव रं ह्ये,” ती म्हणाली. “दरसाल थोडं थोडं पेरून जितं ठेव.” तो ‘व्हय’ म्हणाला आणि गेला.

दोन वर्षांनी ओढ्याकाठचा खोलगट तुकडा कुजला. जांभळ्या भाताला तिथलं साचलेलं पाणी मानवलं नाही. मानवेल कसं? ते भात त्या पाण्यात कधी वाढलंच नव्हतं. आक्काचं जुनं भात तिथं किती पिढ्या पाण्यात उभं राहून राहून तिथलं झालं होतं. पुढच्या पेरणीला आक्काच्या भावानं तेच बी पोत्यातून आणून दिलं, आणि फक्त त्या तुकड्यात ते हिरवं भात पुन्हा आलं. चांगलं आलं. अण्णांनी ते खाल्लं, ढेकर दिली आणि त्याविषयी एक शब्द काढला नाही.

आणि मग ते व्हायला लागलं. पाचव्या साली कापणीच्या वेळी मी जांभळ्या शेतात उभी होते. माझ्या पदराला लोंबी घासली आणि दाणे झडले. खाली वाकून बघितलं तर लोंबीला कुसळं. बुडखा बघितला तर जांभळा. रानभात, पण अंगात आमच्या भाताचा रंग! मी आजूबाजूला बघितलं. दोन पावलांवर आणखी एक. पलीकडं चार.

हे कसं झालं ते मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं, पुढं कळलं, आणि कळल्यावर लाज वाटली इतकं ते सोपं होतं. भात फुलोऱ्यात असताना वारा इकडच्या फुलांतली धूळ तिकडं नेतो. बांधावरच्या एखाद्या रानभातावर आमच्या जांभळ्या भाताची धूळ पडली असणार. त्याच्या बियांतलं एखादं रोप जांभळं उगवलं असणार. आम्ही काय केलं? हिरवं हिरवं शोधून उपटलं. ते एकटं जांभळं मात्र भात समजून सोडलं, वर त्याच्या बुडाला मातीही लावली. ते वाढलं, झडलं. पुढच्या साली त्याची दहा झाली, ती पण सोडली. त्या गवताला कुणी शिकवलं नव्हतं. त्याला डोळे नाहीत, डोकं नाही, मिशी तर नाहीच नाही. त्यानं काहीच केलं नाही. आम्हीच दरसाल खुरपं घेऊन जे दिसतंय ते मारत गेलो आणि जे दिसत नाही ते राखत गेलो. सहा वर्षं मजुरी देऊन आम्ही रानभाताला आमच्या डोळ्यांत धूळ टाकायला तयार केलं. आणि सगळ्या शेतात हिरवं भात मधे एकदा जरी पेरलं असतं, तरी ती सगळी जांभळी तोंडं उघड्यावर पडली असती.

सहाव्या साली कापायला गेलो तर अर्धं शेत आधीच जमिनीवर. पायाखाली दाण्यांचा सडा, आणि तो गोळा करून उपयोग नाही, कांडलं तर तांबडा चुरा निघतो. बायका विळे हातात घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या. लढाईचे दिवस होते, बाजारात तांदूळ मिळायची मारामार, आणि आमच्या शेतात तो मातीत पडलेला. सगळं गाव येऊन बघून गेलं. सहा वर्षांपूर्वी जे बघायला आले होते तेच.

अण्णांचं तोंड तेव्हा बघायला हवं होतं. चूक झाली म्हणायला त्यांची जीभ जन्मली नव्हती. त्यांनी शेताकडं बघितलं, आक्काकडं बघितलं, आणि सगळ्या गावासमोर म्हणाले, “ह्या बाईच्या भावानं घात केला. त्येनं आणलेल्या बियाण्यातनं ह्ये आलं.”

आक्का म्हणाली, “आवं, त्येच्या शिवारात जांभळं पातं कुणी बगितलं बी न्हाय. तितनं जांभळं येईल कसं?”

शेंबड्या पोराला कळावं असं बोलणं होतं. पण समोर उभे होते ते शेंबडे नव्हते, पटकेवाले होते. त्यांनी अण्णांकडं बघून माना हलवल्या. माझे मालक या वेळी हसले नाहीत, तेवढीच त्यांची मर्दुमकी. अण्णांनी तिथंच हुकूम सोडला. आक्काच्या भावानं यापुढं आमची वेस ओलांडायची नाही. आक्कानं माहेरी जायचं नाही, नागपंचमीला नाही, दिवाळीला नाही. आणि बियाणं यापुढं धाकटीकडं. “ती शिकलेली हाय,” ते म्हणाले.

धाकटी म्हणजे मी.

आक्कानं माजघराची किल्ली कमरेची सोडून माझ्या हातात ठेवली. तिच्या अंगाची ऊब त्या किल्लीला होती. मला वाईट वाटलं, असं लिहायला किती बरं वाटलं असतं! मला आनंद झाला. त्या दिवसापासून बायका बियाण्याचं मला विचारायला लागल्या, आणि मी उत्तरं द्यायला लागले. अक्कल नव्हती, पण किल्ली होती.

तरी एक गोष्ट डोक्यातून जाईना. रोहिणीच्या पेरणीला मी परड्यात, गोठ्यामागं, दोन वाफे केले. एकात आक्काच्या भावानं आणलेल्या पोत्यातलं तळाला उरलेलं मूठभर बी टाकलं. दुसऱ्यात शेतात झडलेलं, कुसळवालं. मधे हातभर जागा सोडली. घरात कुणी विचारलं असतं तर कोंबड्यांसाठी म्हणून सांगणार होते. कुणी विचारलं नाही.

आषाढात दोन्ही वाफे वीतभर झाले. भावाचा वाफा हिरवागार, एक पातं जांभळं नाही. शेताचा वाफा जांभळा, त्यात कुठं कुठं हिरवं. मी तिथं उकिडवी बसून दोन्ही वाफे दोन-तीनदा न्याहाळले. मग मालकांना हात धरून नेलं आणि दाखवलं. ते बघत राहिले. त्यांना कळलं, हे मला त्यांच्या खाली गेलेल्या मानेवरून कळलं.

“अण्णांना सांगा,” मी म्हणाले.

“मी?” ते म्हणाले. “येडी का काय तू? गप बस. आणि किल्ली तुज्याकडं आलीय न्हवं? मग?”

मग! त्या एका शब्दात त्यांनी मला विकत घेतलं, आणि मी स्वस्तात गेले. थोरल्या दिराशी बोलायची रीत नाही, असं मी स्वतःला समजावलं. दाराआडून पत्रक वाचलं होतं तेव्हा कुठं होती ती रीत? त्याच दाराआड उभं राहून मला चार शब्द बोलता आले असते. ‘परड्यात येऊन वाफे बघा’, एवढे चार. बोलले नाही. आज बोलू, उद्या बोलू, पंचमीच्या आधी नक्की बोलू.

पंचमी आली. तिचा भाऊ आला. बहिणीला न्यायला गाडी जुंपून, बैलांच्या शिंगांना गोंडे बांधून, वेशीबाहेर विहिरीपाशी थांबला. त्याला हुकूम माहीत होता, तरी आला होता. मी पाण्याला गेले होते, म्हणून मला दिसला. “आक्का बरी हाय न्हवं?” त्यानं विचारलं. मी हो म्हणाले. त्यानं गाडीतून लाह्यांचा डबा काढून दिला, आणि ऊन उतरेपर्यंत तिथंच बसून राहिला. अण्णांना निरोप गेला होता. ते ओसरीवर सुपारी कातरत बसून राहिले. मी डबा आक्काला दिला. तिनं झाकण उघडलं, लाह्यांवर हात फिरवला आणि झाकण लावलं. त्याच वेळी गोठ्यामागं माझे दोन वाफे गुडघाभर उभे होते, आणि मी चूल फुंकत होते.

आश्विनात तो हिवतापानं गेला. खानापूरच्या बाजूला पावसाळा सरताना माणसं तशी जायची. सांगावा आला तेव्हा अण्णा म्हणाले, “जाऊ द्या म्हणावं तिला.” केवढं औदार्य! गाडी जुंपली. आक्का पोचली तेव्हा राख निवली होती, असं गाडीवाल्यानं येऊन सांगितलं.

तेरावा करून ती परत आली ती डोक्यावर एक गाठोडं घेऊन. ओसरीवरून न जाता ती मागच्या बाजूनं परड्यात आली. मी तिथंच होते. दोन्ही वाफे लोंबीवर आले होते. आक्कानं गाठोडं खाली ठेवलं. हिरव्या वाफ्यातली लोंबी हातात घेतली, सोडली. जांभळ्या वाफ्याला नुसता तळहात लावला आणि दाणे झडले. मला वाटलं आता सांगावं, आता तरी तोंड उघडावं. रडतच बोलायला लागले, “आक्का, हे मी तुम्हाला दाखवायला...”

“उगवलं त्याच दिशी बगितलं मी,” ती म्हणाली. “गोठ्यात शेण काढाय रोज येतो न्हवं मी? दोन वाफे, मदी हातभर जागा. कशापाय केलंय, कळलं मला.”

माझं रडं थांबलं.

“म्हटलं, ही बोलंल. मास्तराची लेक हाय, दोन वाफे करून बगितल्यात, बोलल्याबिगर राहायची न्हाय. पंचमीपतुर वाट बगितली मी.”

एवढंच. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. दिली असती तर मी तिचे पाय धरले असते. तिनं गाठोडं सोडलं. आत सहा फडकी होती, सहा जातीचं बी. तिच्या भावानं दरसाल पेरून जितं ठेवलेलं. ती फडकी तिनं एकेक करून माझ्या ओटीत टाकली.

“किल्ली तुज्याकडं हाय,” ती म्हणाली. “नीट ठेव.”

पुढच्या रोहिणीला मी त्या फडक्यांतलं आणि ओढ्याकाठच्या तुकड्यातलं हिरवं भात काढून दिलं, आणि आमच्या शेतात तेच पेरलं. जांभळं रानभात त्यात असं उठून दिसलं की भांगलायला लहान पोरगीही चालली असती. ओसरीवर बसून अण्णा लोकांना सांगत होते, “लागोपाठ एकच बी पेरू नये, पालटत राहावं, ह्ये माजं पयल्यापासनंच म्हणणं हुतं.” लोक मान हलवत होते. माझे मालक हसत होते. त्या गवताला रंग बदलायला सहा वर्षं लागली होती, आमच्या घरातल्या माणसांना दारापासून ओसरीपर्यंतची चार पावलं पुरली. आणि मी? मी काही निराळी नव्हते. या घरात वेगळं दिसलं की उपटतात, हे मी आल्या दिवसापासून बघत होते, आणि त्यांच्यासारखाच रंग अंगावर घेऊन उभी राहिले होते. म्हणूनच टिकले.

त्या साली भांगलणीला आक्का पुन्हा रांगेच्या तोंडाशी होती. मी तिच्या शेजारी. तिनं एका ठोंबाशी हात थांबवला, पातं दोन बोटांत धरलं, आणि सवयीनं मान माझ्याकडं वळवली. पूर्वी ती अशी वळली की काहीतरी टोमणा मारायची, मास्तराच्या लेकी म्हणायची. मी वाट बघितली. तिनं पातं उपटलं, बांधावर टाकलं आणि पुढं सरकली. त्यानंतर ती बरीच वर्षं जगली, माझी बाळंतपणं केली, माझ्या आजारपणात मला उचलून उन्हात बसवलं. पण मास्तराची लेक म्हणून तिनं मला पुन्हा कधीच हाक मारली नाही.